दोस पिलास, आग्वातेका, सेइबाल: होडीतून माया नगरं पाहायला जाताना या चुका टाळा

ग्वातेमालाच्या उत्तरेला पेतेनचं जंगल आहे. तिथे जाणारे बहुतेक जण फ्लोरेसला उतरतात, गाडीने तिकाल हे जुनं माया नगर बघतात आणि परततात. फ्लोरेसच्या दक्षिणेला साधारण साठ किलोमीटरवर, ला पासिऑन नदीच्या काठी सायाश्चे नावाचं गाव आहे. तिथून ‘पेतेशबातून’ नावाच्या नदीत शिरलं की दाट झाडीतून होडी त्याच नावाच्या तलावात पोचते. या पाण्याच्या आसपास माया लोकांची तीन मोठी नगरं आहेत. वाटाड्या आणि स्वयंपाकी सोबत घेऊन, रात्री जंगलात मुक्काम करत ती पाहायला चार-पाच दिवस लागतात.

आम्ही सहा जण मार्चमध्ये गेलो होतो, चौघं टेक्सासहून आणि दोघं पुण्याहून. सह्याद्रीतल्या भटकंतीची सवय सगळ्यांनाच होती, आणि आमच्या बऱ्याच चुका त्या सवयीतूनच आल्या. ज्या चुका पुढच्या माणसाला सहज टाळता येतील, त्या इथे लिहिते.

नगरांचा क्रम सोयीवर सोडणं

माझ्या मते या सफरीतली सगळ्यात मोठी चूक ही. सेइबालला सायाश्चेहून गाडीनेही जाता येतं, म्हणून आयोजक पहिल्या दिवशी तेच उरकायला सुचवतात. आम्ही हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी आग्वातेकाच्या तटावर उभं राहिल्यावर कळलं की आपण गोष्टीचा शेवट आधी वाचून बसलो आहोत.

गोष्ट सुरू होते दोस पिलासला. सातव्या शतकात तिकालच्या राजघराण्यातल्या एका शाखेने इथे बस्तान बसवलं. इथला राजा बालाज चान काविल पुढे तिकालच्या शत्रूला, म्हणजे कालाकमुलला जाऊन मिळाला आणि ६७९ मध्ये त्याने आपल्याच घराण्याच्या तिकालचा पराभव केला. हा सगळा झगडा तिथल्या दगडी पायऱ्यांवर चित्रलिपीत कोरलेला आहे. त्यातल्या काही पायऱ्या मातीखाली होत्या. २००१ मध्ये वादळात एक झाड उन्मळून पडलं आणि त्या उघड्या पडल्या. पुढे ७३५ मध्ये दोस पिलासने सेइबालचा राजा जिवंत पकडला. त्या विजयाचे शिलास्तंभ दोस पिलासला आहेत तसेच आग्वातेकालाही आहेत, कारण ही दोन्ही नगरं एकाच घराण्याच्या जोड-राजधान्या होत्या.

मग ७६१ मध्ये दोस पिलास पडलं. तिथल्या मधल्या चौकात गेलात की वाड्यांच्या आणि कोरीव पायऱ्यांच्याही अंगावरून आडवी गेलेली एक ओबडधोबड दगडी रांग दिसेल. तो ढिगारा समजून ओलांडून जाऊ नका. वेढा पडल्यावर लोकांनी स्वतःच्या राजवाड्याचे आणि देवळांचे घडीव दगड उपटून घाईघाईत घातलेला तो तट आहे. सगळ्या सफरीत मला सर्वांत जास्त हलवून गेलेली जागा तीच. वाटाड्याला ‘तटाची रांग दाखव’ असं मुद्दाम सांगा. नाहीतर तो शिलास्तंभ दाखवून परत फिरतो.

यानंतर आग्वातेका. उभा कडा आणि जमिनीला पडलेली लांबलचक भेग, तीही काही ठिकाणी साठ-सत्तर मीटर खोल. नगर त्या दोन्हींच्या आधाराने वसलेलं, आणि उरलेल्या बाजूंना चार किलोमीटरहून जास्त लांबीचे तट. किल्ले पाहायची सवय असलेल्या मराठी माणसाला ही जागा कुणी समजावून सांगावी लागत नाही. तरीही इ.स. ८१०च्या सुमाराला शत्रू आत शिरला आणि नगर जळालं. लोक इतक्या घाईत गेले की भांडी, वाटायचे दगड, आरसे, लेखनिकांची साधनं घराघरांत जिथल्या तिथे राहिली. पुरातत्त्वज्ञ ताकेशी इनोमाता यांच्या उत्खननात ती तशीच मिळाली.

सेइबाल शेवटी. हेच ते ७३५ मध्ये हरलेलं नगर. आग्वातेका जळून चाळीसेक वर्षं झाल्यावर, ८४९ मध्ये, तिथल्या राजाने एका देवळाभोवती चार बाजूंना चार आणि आत एक असे पाच शिलास्तंभ उभारले. ते आजही जागेवर आहेत आणि त्यांवरचं कोरीवकाम चांगलं टिकलंय. आधीची दोन नगरं पाहून आलेल्याला हे स्तंभ कळतात. पहिल्याच दिवशी पाहणाऱ्याला ते नुसते सुंदर दगड वाटतात, आम्हाला तसेच वाटले.

आणि हा क्रम वल्हवण्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे. पेतेशबातूनचं पाणी संथ आहे, हात बसवायला चांगलं. ला पासिऑन सेइबालकडून सायाश्चेकडे वाहते. म्हणजे शेवटच्या दिवशी होड्या मोटारीच्या लाँचवर लादून सेइबालला न्यायच्या आणि प्रवाहाबरोबर वल्हवत परत यायचं. उलटं केलंत तर पहिल्याच दिवशी खांदे जातील.

अंतर मोजणं, पाणी न मोजणं

दोस पिलासला तलावाकाठून चालत जावं लागतं, साधारण बारा किलोमीटर. कोरड्या दिवसांत तीन-चार तास. पावसाळ्यात तीच वाट गुडघाभर चिखलाची होते आणि घोड्याचेही पाय रुततात. पाऊस मेच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत जोरात असतो, पुढे जानेवारीपर्यंत सरी येत राहतात. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरे. एप्रिल-मे कोरडे असतात, पण उकाडा सोसवत नाही आणि शेतं जाळल्याचा धूर हवेत असतो. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जायचा बेत असेल तर दोस पिलास वगळून आखा.

तलावावर दुपारी वारा सुटतो. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दोनच्या सुमाराला लाटा मारायला लागतं, आणि काठ कमी उंचीची होडी त्या लाटांना आडवी लागली की पाणी आत येतं. तलाव सकाळीच ओलांडा, तोही काठाकाठाने. मोटारीची लाँच जवळून गेली तर तिच्या लाटांना होडीची कूस देऊ नका. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी तिरकी करून लाटेवर घ्या आणि वल्हवत राहा. वल्हं थांबवलं की होडी डुगडुगते.

सामान भरताना जड पिशव्या मधोमध, अगदी तळाशी. आमच्या एका होडीत मागच्या टोकाला पाण्याचे कॅन ठेवले होते. नाळ वर उचलली गेली आणि होडी दिवसभर वाऱ्यासरशी फिरत राहिली. पुढे बसलेली मैत्रीण वैतागून रडकुंडीला आली, तिला वाटत होतं तिलाच वल्हवता येत नाही. होडी सरळ जात नसेल तर आधी सामान हलवून बघा.

होडी उलटलीच तर तिला धरून राहा, पण प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला. खालच्या बाजूला राहिलात तर पाण्याने भरलेली होडी तुम्हाला पडलेल्या झाडावर चेपते. नदीतली पडलेली झाडं हाच इथला खरा धोका आहे, मगरींपेक्षा कितीतरी मोठा. जीवरक्षक जॅकेट अंगातच हवं. उकडतंय म्हणून ते बुडाखाली घेऊन बसणारे मी पाहिलेत.

नदीचं पाणी गाळून पिणं

गडावरच्या टाक्यातलं पाणी गाळून, गोळी टाकून प्यायची आपल्याला सवय असते. इथे ती पुरत नाही. २०१५ मध्ये ला पासिऑनमध्ये शंभराहून जास्त किलोमीटरच्या पट्ट्यात मासे मरून तरंगले. पामतेलाच्या कारखान्याचं सांडपाणी आणि कीटकनाशक यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. नदीकाठची जी कुटुंबं मासळीवर जगत होती, त्यांच्यावर काय ओढवलं ते आमच्या नावाड्याने सांगितलं तेव्हा होडीत कुणीच काही बोललं नाही. आजही सायाश्चेभोवती पामच्या बागा मैलोगणती पसरल्या आहेत. फिल्टर, गोळी किंवा उकळणं याने जंतू मरतात, विरघळलेली रसायनं जात नाहीत. म्हणून पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी सायाश्चेहून भरून न्या, माणशी दिवसाला निदान पाच लिटर. आयोजक ‘नदीचं पाणी चालतं’ म्हणाला तरी आग्रह सोडू नका.

जमिनीवर झोपणं, झाडाला टेकणं

देवळाच्या ओसरीवर पथारी टाकून झोपणं हा आपला आनंद. इथे झोळी बांधा, तिला सलग मच्छरदाणी असू द्या आणि वर ताडपत्री. झोळीच्या दोऱ्या झाडाला गुंडाळण्याआधी कोणतं झाड आहे ते वाटाड्याला विचारा. चेचेन नावाचं एक झाड इथे सर्रास आहे, त्याच्या काळ्या चिकाने कातडी भाजल्यासारखी होते. आपला बिब्बा, काजू आणि आंबा यांच्याच कुळातलं ते झाड, त्यामुळे बिब्बा उतलेला ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. चीक लागलाच तर चोळू नका. लगेच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, आणि कपडेही वेगळे काढा.

सापांमध्ये जपायचं ते बार्बा आमारिया नावाच्या सापाला, म्हणजे ‘पिवळी दाढी’ला. घोणशीसारखाच हा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असते. ती सोबत नेऊन काहीही उपयोग नाही. मध्य अमेरिकेतल्या सापांची लस वेगळी, कोस्टा रिकात बनते. निघण्यापूर्वी आयोजकाला दोन प्रश्न विचारा: ही लस असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, आणि रात्री तिथे पोचायला लाँच तयार असेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा आयोजक शोधा. अंधारात बॅटरीशिवाय एक पाऊलही नको, लघवीला जायचं असलं तरी.

कपडे पूर्ण बाह्यांचे, लवकर वाळणारे. जीन्स आणि सुती ट्रॅकपँट पहिल्या दिवशी भिजतात आणि शेवटपर्यंत ओल्याच राहतात. एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी ठेवा, त्याला दिवसा हात लावू नका. डास पळवायचं डीईईटीचं औषध चष्म्याच्या आणि घड्याळाच्या प्लॅस्टिकला खातं, तेव्हा हात पुसून मगच चष्म्याला लावा.

पहाटे साडेचारच्या सुमाराला जंगलातून प्रचंड घुमणारी डरकाळी आली तर झोळीतून उडी मारू नका. ती ‘हाउलर’ नावाच्या माकडांची आरोळी आहे. जॅग्वार असा ओरडत नाही.

शाकाहारी असल्याचं फक्त एकदा सांगणं

मक्याच्या तोर्तिया आणि काळ्या घेवड्याची उसळ यावर शाकाहारी माणूस मजेत राहतो. मका चुन्याच्या पाण्यात उकळून वाटतात, त्याचा वास मला फार आवडला. पण उसळीत मांतेका असू शकतं, म्हणजे बहुधा डुकराची चरबी. ‘सिन कार्ने’ म्हटलं तर फक्त मांस वगळतात. ‘सिन मांतेका’ हे वेगळं सांगा, आणि आयोजकाच्या कचेरीत नव्हे, स्वयंपाक करणाऱ्या बाईंना. सोबत थोडं मेतकूट आणि लोणच्याची पुडी न्यावी.

कागद

अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी हे नीट वाचा. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असताना आय-९४च्या, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीच्या, जोरावर मेक्सिको किंवा कॅनडाला तीस दिवसांच्या आत जाऊन येता येतं. कॅन्कूनला असे पुष्कळ जण जातात. ग्वातेमालाला ही सवलत लागू नाही. शिक्का संपलेला असेल तर परतीच्या विमानात बसताच येणार नाही. ग्वातेमालात शिरण्याचे नियम भारतीय पासपोर्टसाठी वेगळे पाहावे लागतात. ते वकिलातीकडूनच ताजे तपासा.

‘माया लोक गेले कुठे?’ असं विचारणं

आमच्यातल्या एकाने हे नावाड्यालाच विचारलं. नावाडी स्वतः केक्ची माया. सायाश्चे भागातली बहुसंख्य वस्ती केक्ची आहे आणि ग्वातेमालात अशा बावीस माया भाषा आजही बोलल्या जातात. नगरं रिकामी झाली, माणसं राहिली. आभार मानायचे तर ‘बांत्योश’ म्हणा, चेहरे उजळतात. आणि वाटेत खापराचा तुकडा दिसला तर उचलू नका. तो नेणं तिथे गुन्हा आहे, आणि या भागाने चोरट्यांच्या हातून आधीच खूप गमावलंय.

घरी आल्यावर गाफील राहणं

परतल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगावर फोडासारखी गाठ आली, तिच्या मधोमध बारीक छिद्र आहे आणि आत काही वळवळतंय असं वाटलं, तर ती माशीची अळी असू शकते. तिला तिथे कोल्मोयोते म्हणतात. तिची अंडी डासांच्या अंगावरून येतात. गाठ पिळू नका, आतली अळी तुटली तर चिघळते. आणि न दुखणारी पण महिना झाला तरी न भरणारी जखम असेल तर तो सॅंडफ्लाय या बारीक माशीच्या चाव्याने होणारा लेशमानियासिस हा त्वचेचा रोग असू शकतो. पुण्यातल्या किंवा ह्यूस्टनमधल्या डॉक्टरांच्या मनात हे आपणहून येणार नाही. आमच्यातल्या एकाला दोन वेळा नुसतं अँटिबायोटिक मिळालं. तपासायला बसल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की मी पेतेनच्या जंगलात चार रात्री झोपलो होतो.