आर्टेमियाची अंडी फुटत नाहीत? सोलापूरच्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

एंजल किंवा फायटर माशांनी अंडी घातली, पिल्ले पोहू लागली आणि चार-पाच दिवसांत त्यांतली निम्मी तळाशी पडली, हा अनुभव सोलापुरात हौसेने मासे पाळणाऱ्या अनेकांनी घेतला आहे. मग कोणीतरी सुचवते म्हणून पिल्लांना जिवंत खाद्य मिळावे यासाठी आर्टेमियाची, म्हणजेच ब्राइन श्रिम्पची अंडी आणली जातात आणि मिठाच्या पाण्यात टाकली जातात. दुसऱ्या दिवशी बाटलीत अळ्यांचा नारिंगी ढग दिसण्याऐवजी तळाशी तपकिरी गाळच दिसला, की अंडी खराब निघाली असे म्हणून पुडी फेकून दिली जाते. अंडी कधीकधी खरोखरच खराब असतात; परंतु माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष अंड्यांचा नसतो, तर ती ज्या खाऱ्या सरोवरातून आली तिथली रीत आपण बाटलीत पाळलेली नसते.

ही रीत आधी समजून घ्यावी. आर्टेमिया हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, पाय वर करून उलटा पोहणारा कवचधारी जीव आहे. अमेरिकेच्या युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक, इराणमधील उर्मिया सरोवर, आपल्याकडे राजस्थानातील सांभर सरोवर आणि तुतिकोरीनची मिठागरे अशा ठिकाणी तो आढळतो. इतक्या खारट पाण्यात मासे टिकत नाहीत, म्हणून तिथे त्याला फारसे शत्रू नसतात. परिस्थिती अनुकूल असताना मादी जिवंत पिल्ले सोडते; पाणी आटू लागले, खारटपणा वाढला किंवा प्राणवायू कमी पडला, की ती जाड कवचाची अंडी घालू लागते. ही अंडी पाण्यावर तरंगत काठाला लागतात, वाळतात आणि वर्षानुवर्षे तशीच राहू शकतात. पुढे पावसाचे गोडे पाणी येऊन सरोवराचा खारटपणा उतरला, की ती फुटतात. आपल्या घरातल्या दीड-दोन लिटरच्या बाटलीत आपण घडवून आणतो तो हाच पहिला पाऊस असतो.

मीठ अंदाजाने घालू नये

खाऱ्या सरोवरातला जीव म्हणजे त्याला भरपूर मीठ हवे, असे समजून लिटरभर पाण्यात मूठभर मीठ घालणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात अंडी फुटण्यासाठी साधारण समुद्राइतका किंवा त्याहून थोडा कमी खारटपणा, म्हणजे लिटरला 25 ते 30 ग्रॅम मीठ, पुरेसे होते. याचे कारण अंड्याच्या आतच आहे. भिजलेला गर्भ आपल्याजवळच्या ट्रेहॅलोज नावाच्या साखरेपासून ग्लिसरॉल तयार करतो, ग्लिसरॉल बाहेरचे पाणी आत ओढून घेते, आतला दाब वाढत जातो आणि शेवटी कवच तडकते. बाहेरचे पाणी जितके खारट, तितके जास्त ग्लिसरॉल गर्भाला तयार करावे लागते. त्यात त्याची शिदोरी संपत जाते. काही अंडी फुटतच नाहीत आणि जी फुटतात त्यांतून अशक्त अळ्या निघतात.

चमच्याच्या मापावर विसंबू नये, कारण बारीक मीठ आणि खडे मीठ यांचे वजन एकाच चमच्यात वेगवेगळे भरते. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरावा. आयोडीनयुक्त मिठाने अंडी मरतात असे आवर्जून सांगितले जाते. तितकी भीती बाळगण्याचे कारण नाही, मात्र खडे मीठ स्वस्त पडते आणि त्याने काम उत्तम होते. साध्या मिठात समुद्राच्या पाण्यासारखा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) टिकवून धरणारे क्षार नसतात, म्हणून पट्टीने सामू तपासून तो 8 च्या खाली असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांना याची गरज अनेकदा पडत नाही.

मे महिन्यातली बाटली

सोलापूरच्या उन्हाळ्यात होणाऱ्या अपयशाचे सर्वांत मोठे कारण पाण्याचे तापमान हे आहे, असे मी अनुभवाने सांगतो. आर्टेमियाच्या अंड्यांना 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमान मानवते, त्यातही 28 अंशांच्या आसपास ती सर्वांत चांगली फुटतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी बाटलीतले पाणीही हाताला कोमट लागते. एका वर्षी सलग तीन वेळा माझी अंडी फुटली नाहीत. चौथ्या वेळी दुपारी तीन वाजता बाटलीत तापमापक घातला, तेव्हा त्यावर 36 अंश दिसले. त्यानंतर बाटली माठाच्या तिवईशेजारी हलवली, जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा ओला करून तिच्याभोवती गुंडाळला आणि त्याचे खालचे टोक पाण्याच्या ताटलीत बुडवून ठेवले. इथली उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे कापडातले पाणी झपाट्याने उडते आणि बाटली थंड राहते. त्याच पुडीतली अंडी दुसऱ्या दिवशी सकाळी फुटलेली होती.

हिवाळ्यात उलट चूक होते. पाणी 20 अंशांवर आले की 24 तासांत होणारे काम दीड दिवसावर जाते, आणि घाईने बाटली ओतून देणारे चांगली अंडी वाया घालवतात.

हवा, उजेड आणि वीज

अंडी सतत घुसळत राहिली पाहिजेत. मासे ठेवतो त्या काचेच्या टाकीतला एअर स्टोन, म्हणजे हवेच्या नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड, इथे वापरू नये. त्याच्या बारीक बुडबुड्यांनी फेस होतो आणि अंडी फेसाबरोबर काठाला चिकटतात. बाटली बूड कापून उलटी टांगावी आणि एअर पंपाची नुसती नळी थेट निमुळत्या तळापर्यंत सोडावी, म्हणजे मोठे बुडबुडे सुटतात आणि कोपऱ्यात काही साचत नाही. तासाभराने बाटलीकडे एकदा निरखून पाहावे. पाण्याच्या रेषेच्या वर बाटलीच्या आतल्या बाजूला कॉफीच्या भुकटीसारखे एक तपकिरी कडे जमलेले दिसते. ती सगळी कोरडी राहिलेली अंडी असतात. बोटाने किंवा थोड्या पाण्याने ती खाली सोडावीत. एवढ्याशा कामाने फुटणाऱ्या अंड्यांची संख्या चांगलीच वाढते.

रात्री वीज गेली की पंप बंद पडतो, अंडी तळाशी बसतात आणि तिथला प्राणवायू संपतो. त्यामुळे बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा, आणि लिटरला एक-दोन ग्रॅमपेक्षा जास्त अंडी कधीही घालू नयेत. पहिल्या काही तासांत उजेड मात्र हवाच. अंडी म्हणजे अंधारात उबवायची वस्तू, असे समजून बाटली कपाटात ठेवणे चूक आहे. उन्हात ठेवण्याचीही गरज नाही. जवळचा एलईडी दिवा पुरतो.

सर्वांत महागात पडणारी चूक

अंडी फुटल्यानंतरचा उशीर ही ती चूक, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीला, म्हणजे नॉप्लियसला, तोंड उघडलेले नसते. ती अंगातल्या पिवळ्या बलकावर जगते आणि तिचा नारिंगी रंग त्यातूनच दिसतो. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. सुमारे आठ तासांनी ती कात टाकते, तोपर्यंत बलक बराच संपलेला असतो, आणि दिवसभर तशीच ठेवली तर तिच्यातल्या पोषणाचा सुमारे चौथा हिस्सा निघून जातो. म्हणजे सकाळी फुटलेल्या अळ्या सोयीसाठी रात्री घातल्या, तर पिल्लांच्या पोटात जास्त प्रमाणात पाणीच जाते, शिवाय अळ्या एव्हाना मोठ्या आणि चपळ झाल्याने लहान पिल्लांना त्या पकडता येत नाहीत. अंडी संध्याकाळी भिजत घालावीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी वेळेत हाताशी येतात. उरलेल्या अळ्या थोड्या खाऱ्या पाण्यात फ्रीजमध्ये ठेवल्या, तर थंडीमुळे त्यांचा बलक हळू संपतो आणि त्या आणखी एक दिवस वापरता येतात.

काढताना हवा बंद करून बाटलीच्या तळाजवळ दिवा धरावा. पाच-दहा मिनिटांत रिकामी कवचे वर तरंगतात, न फुटलेली अंडी अगदी तळाशी बसतात आणि उजेडाकडे झेपावणाऱ्या अळ्यांचा दाट नारिंगी थर त्यांच्या लगेच वर जमतो. नळीने पहिला तपकिरी थेंब सोडून द्यावा आणि नंतरचा थर बारीक विणीच्या सुती रुमालावर घ्यावा. चहाच्या गाळणीतून अळ्या निसटून जातात. कवचे पिल्लांना पचत नाहीत आणि आतड्यात अडकून ती दगावू शकतात, म्हणून इथे घाई करू नये. पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबूही नये, कारण गर्दीत अळ्या गुदमरतात. रुमालावरच गोड्या पाण्याने धुऊन मग खायला द्यावे.

गोड्या पाण्यात या अळ्या पाच-सहा तास जगतात आणि नंतर मरून पाणी नासवतात. त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा थोड्या थोड्या द्याव्यात. दहा मिनिटांनी पिल्लांची पोटे नारिंगी आणि गोल दिसली, की तेवढे पुरे. फायटर किंवा गौरामीच्या अगदी पहिल्या दिवसांतल्या पिल्लांच्या तोंडात ही अळी मावत नाही. त्यांना आधी इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे सूक्ष्मजीव, द्यावा लागतो.

पुडी उघडल्यावर उरलेली अंडी लहान हवाबंद डब्यांत वाटून फ्रीजमध्ये ठेवावीत. थंड डबा बाहेर काढताच उघडू नये, कारण आत दव धरते आणि ओलावा लागलेली अंडी हळूहळू निकामी होतात. बाटलीत उरलेले मिठाचे पाणी तुळशीत किंवा कुंड्यांत न ओतता मोरीत सोडावे.