जुनी जीप घेताय? आधी खाली वाकून चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) बघा, रंग नंतर

जुनी जीप घ्यायचीय म्हणणारे खूप भेटतात, आणि बहुतेक जण आर्मी ग्रीन रंग आणि मागे लटकवलेला जेरीकॅन बघूनच टोकन देऊन मोकळे होतात. प्लीज असं करू नका. गाडी जितकी चकाचक तितका जास्त वेळ खाली वाकून बघायचं, हा माझा नियम आहे.

पहिलं म्हणजे कुठली जीप हवीय ते ठरवा. आपल्याकडे गॅरेजवाले दोनच नावं घेतात, लो बॉनेट आणि हाय बॉनेट. लो बॉनेटमध्ये दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी, फोर्डने बनवलेली तिची जुळी बहीण जीपीडब्ल्यू, आणि युद्धानंतरच्या सिव्हिलियन सीजे-२ए, सीजे-३ए हे सगळं आलं. हाय बॉनेट म्हणजे १९५३ पासूनची सीजे-३बी, हिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारे झडप) वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. महिंद्राने ही थ्रीबी आपल्याकडे कितीतरी वर्षं बनवली, त्यामुळे पहिलीच जीप असेल तर मी डोळे झाकून थ्रीबी सांगतो, पार्ट मिळतात आणि जुन्या मिस्त्रींचा हात बसलेला असतो.

कुणी "युद्धातली आहे" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ग्रिलच्या फटी मोजा. एमबी आणि जीपीडब्ल्यूला ९ असतात, सिव्हिलियनला ७. युद्धातल्या गाडीला मागे उघडणारं फळकं नसतं आणि पेट्रोल भरायला ड्रायव्हरची सीट उचलावी लागते, कारण टाकी सीटखालीच. जीपीडब्ल्यूच्या बोल्टच्या डोक्यावर फोर्डचा 'एफ' कोरलेला असतो, तो सापडला ना की जो आनंद होतो तो सांगून कळणार नाही.

आता पत्रा. खिशात साधं लोहचुंबक ठेवा आणि फडक्यात गुंडाळून फिरवा, चिकटलं नाही की खाली पुट्टी. माझ्या पहिल्या थ्रीबीला ड्रायव्हरच्या पायाखाली बोट दाबलं तर रंगासकट पापुद्रा आत गेला, खाली पत्राच नव्हता, गोणपाट आणि पुट्टी होती, आणि वरून रंग इतका सुंदर की काय सांगू. पण पत्रा नवीन करता येतो, चॅसी सडलेली किंवा जोडलेली असेल तर सरळ घरी या. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे बसतात तिथे वेल्डिंगचे डाग आहेत का ते टॉर्च लावून बघा.

नंबर स्वतः बघा. आरटीओत पेन्सिल घासून चॅसी प्रिंट काढतात तशीच तुम्ही काढा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा, आसपास ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर व्यवहार बंद. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीप बनवण्याचा मोठा धंदा आहे, कारागीर हुशार आहेत आणि ती गाडी तशीच सांगून घेतली तर मजाही येते, पण नवीन बॉडीला जुने कागद लावून ओरिजिनल विलीज म्हणून गळ्यात मारतात तिथे फसवणूक होते. शिवाय मायलेजसाठी डिझेल इंजिन बसवलेल्या जीप भरपूर आहेत, तो बदल आरसीवर चढलाय का ते बघा.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी सोय, डांबरावर ट्राय करू नका, मातीत करा. त्याआधी पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) जागेवर आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी काढून ठेवलेला असतो. गाडी थांबवून पुढच्या चाकांचा लिव्हर टाका, मग लो (कमी वेग, जास्त ताकद) टाका, उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर उडतोय का बघा. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला लोखंडी गोळा असतो, त्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर सील कितीही बदला, ऑइल गळणारच.

आणि जुना पार्ट फेकू नका, मिस्त्री म्हणेल भंगार आहे, तरी घरी आणा. माझ्या मते कलेक्शन तिथूनच सुरू होतं. मुंबईत चोर बाजारची मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार, तिथे मीटर, दिवे, नटबोल्टचे पाने सापडतात. जेरीकॅनवर साल ठोकलेलं असतं ते वाचा, घासून रंगवू नका. डॅशवरच्या माहितीच्या पट्ट्या नव्या छापलेल्या सर्रास मिळतात, जुनीचे कोपरे आणि रिव्हेटची भोकं झिजलेली असतात. जुनी मॅन्युअल आणि पार्ट कॅटलॉग लॅमिनेट अजिबात करायचे नाहीत, कागद कायमचा अडकतो.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे बदल नसतील तर २०२१ च्या नियमाने 'व्हीए' सिरीजचा व्हिंटेज नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती रोज बाजारात नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढंच. रोज चालवायची असेल तर साधीच आरसी ठेवा.

शेवटचं, विकणाऱ्याच्या घरी चहा घ्या आणि जीपचे जुने फोटो, पावत्या, पहिलं आरसी बुक आहे का विचारा, असेल तर तिथेच मागून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा. महिन्याने फोन केला की ते रद्दीत गेलेले असतात.