मेटच्या प्राचीन दालनांत काय पाहावं, कसं पाहावं

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सगळं पाहायचं ठरवलं, की काहीच पाहून होत नाही. दोन तासांत तीन वस्तू पुरेत. प्रत्येकीसमोर आधी पाटी न वाचता पाच मिनिटं थांबा: कशाची आहे, हत्याराच्या खुणा कुठे आहेत, काय तुटलंय, काय नंतर जोडलंय?

तळमजल्यावर उजवीकडे इजिप्त. तिथला निळा पाणघोडा मातीचा नाही. दळलेल्या गारगोटीत क्षार मिसळून तो भाजलाय, निळाई तांब्याची. त्याचे तीन पाय आधुनिक आहेत. परलोकात त्याने मृताला इजा करू नये म्हणून मूळ पाय मुद्दाम मोडले होते.

डावीकडे ग्रीस. अथेन्सच्या भांड्यांना गोल फिरून पाहा. काळ्या आकृतीत बारकावे टोच्याने कोरलेले दिसले, तर ती जुनी पद्धत. आकृती लाल आणि रेषा कुंचल्याच्या असतील, तर भांडं साधारण इ.स.पू. 525 नंतरचं. काळा थर म्हणजे रंग नव्हे, लोहयुक्त मातीचाच बारीक गाळ. भट्टीत आधी हवा, मग कोंडलेला धूर, मग पुन्हा हवा. मधल्या टप्प्यात धूर नीट पोहोचला नाही, तर काळ्यावर तांबूस डाग राहतात. ते शोधाच, कुंभाराची अडचण तिथे उघडी पडते.

वरच्या मजल्यावर, दालन 401 मध्ये, निमरूदचे (आजच्या इराकमधली अ‍ॅसिरियाची प्राचीन राजधानी) पंखधारी द्वारपाल: डोकं माणसाचं, धड सिंहाचं किंवा बैलाचं. समोरून दोन पाय, बाजूने चार, कोपऱ्यातून पाच! समोरून स्थिर उभा आणि बाजूने चालता दिसावा म्हणून ही योजना. भिंतीवरचे शिलापट मात्र समोरून पाहू नका. भिंतीलगत उभं राहून तिरकं पाहिलं, की वस्त्रांवरची सुईएवढी नक्षी आणि अंगावरून आडवी गेलेली कीलाकार लिपी उठून दिसते. निमरूदचे असे शिलापट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत.

आता पाटी. तिच्यावरचा नोंदणी क्रमांक 32.143.2 म्हणजे 1932 साली आलेल्या 143व्या नोंदीतली दुसरी वस्तू. 1970 पासून वर्ष पूर्ण लिहितात. त्या काळातली खरेदी दिसली, तर ती कुठे सापडली हे पाटीवर आहे का, ते तपासा. 1972 मध्ये घेतलेलं, ग्रीक चित्रकार युफ्रोनिओसने रंगवलेलं भांडं चोरीच्या उत्खननातलं निघाल्याने 2008 मध्ये इटलीला परत करावं लागलं.

टिपणं पेन्सिलनेच काढा. फ्लॅश चालत नाही.