अ‍ॅक्सेसची (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमची) फाइल पुन्हा पुन्हा बिघडते?

फाइल बिघडली की आपण ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही त्यातलीच दुरुस्तीची कमांड मारतो, ती उघडते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच रडगाणं. एकदा बिघडली तर लाइट गेली होती म्हणता येईल. सारखी बिघडत असेल तर बहुधा फाइल ज्या पद्धतीने वापरली जाते तिथेच घोळ असतो.

आधी एक वही घाला: तारीख, वेळ, तेव्हा आत कोण होतं. फाइल उघडी असताना शेजारी एक छोटी लॉक फाइल दिसते, तिची कॉपी नोटपॅडमध्ये उघडली की संगणकांची नावं वाचता येतात. बाहेर पडलेल्यांची नावंही त्यात उरतात, म्हणून लगेच कुणावर आळ घेऊ नका. आमच्याकडे फाइल चार वेळा बिघडली आणि चारही वेळा एक नाव होतंच: वाय-फायवरचा लॅपटॉप. एंट्री चालू असताना सिग्नल तुटला की लिखाण अर्धवट राहतं. पन्नास-शंभराची केबल लावली, त्रास संपला.

सगळे जण एकच फाइल शेअर्ड फोल्डरमधून उघडत असतील तर ‘डेटाबेस स्प्लिटर’ या त्यातल्याच सोयीने तिचे दोन भाग करा. टेबलं सर्व्हरवर, फॉर्म आणि रिपोर्टची वेगळी प्रत प्रत्येकाच्या मशीनवर. टेबलांची फाइल वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर नकोच. साइजवरही नजर असू द्या, मर्यादा २ जीबीची आहे.

आणि रिपेअर करण्याआधी सगळ्यांना बाहेर काढून बिघडलेल्या फाइलची कॉपी ठेवा. रिपेअर कधीकधी खराब रेकॉर्ड गुपचूप गाळून टाकतं.