बेटांवरच्या वनस्पतींचा अभ्यास करताय? या चुका टाळा

मुख्य भूमीवर नमुना बिघडला तर पुढच्या आठवड्यात परत जाता येतं. दूरच्या बेटावर बोट हवामानाच्या मर्जीने लागते, परवाना ठरावीक तारखांपुरता असतो आणि तोवर झाड फुलून मोकळं झालेलं असतं. त्यामुळे इथे साधी चूकही कायमची होऊन बसते. नवशिके उत्क्रांतीच्या सिद्धान्तात क्वचितच अडखळतात. ते चुकतात लेबलात, बुटात आणि घाईत.

"लेबलं मुक्कामावर गेल्यावर लिहू"

कोणी लिहीत नाही. लिहिलीच तर आठवणीवर, आणि चार बेटांचे नमुने एका ढिगात जातात. 1835 मध्ये गालापागोसला डार्विनचं फिंच पक्ष्यांच्या बाबतीत हेच झालं. कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा याची नीट नोंद राहिली नाही आणि नंतर जहाजावरच्या इतरांच्या संग्रहांवरून ताळमेळ लावत बसावं लागलं. वनस्पती मात्र त्याने बेटवार वेगळ्या ठेवल्या होत्या, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरला दाखवता आलं की त्यातल्या कित्येक जाती एकेकाच बेटापुरत्या आहेत.

फांदी कापली की दोऱ्याची चिठ्ठी तिथल्या तिथे बांधा आणि शिसपेन्सिलीने क्रमांक टाका. बॉलपेनची शाई स्पिरिटात पसरते. क्रमांक आयुष्यभर सलग चालवा; दर मोहिमेला 1 पासून सुरुवात करणारे लोक पुढे हर्बेरियमवाल्यांचा, म्हणजे वाळवलेले नमुने सांभाळणाऱ्यांचा, जीव खातात. वाळल्यावर दिसणार नाही ते सगळं वहीत उतरवा: फुलाचा रंग, वास, चीक, झाडाची उंची, खोडाची साल. "फोटो काढलाय ना" हे उत्तर मला चालत नाही. फोटोला वास येत नाही.

जीपीएसचे आकडे दशांश अंशांत, पाच स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण मीटरभर अचूक लिहा. सोबत डेटम (आकडे कोणत्या संदर्भपद्धतीतले आहेत ते) आणि यंत्र दाखवेल ती त्रुटी मीटरमध्ये. जुन्या नकाशांचा स्थानिक डेटम आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस 84 यांच्यात शेकडो मीटरचा फरक पडू शकतो. मोठ्या देशात तो खपून जातो. छोट्या बेटावर तुमचं झाड समुद्रात उगवतं आणि नोंदी साफ करणारा प्रोग्रॅम ते निमूट काढून टाकतो.

पान बघून नाव ठोकणं

न्यूझीलंडच्या होरोएका या झाडाची कोवळ्या वयातली पानं अरुंद, ताठ, खाली झुकलेली असतात आणि मीटरभर लांबही होतात. बऱ्याच वर्षांनी तेच झाड वर फांद्या फोडतं आणि पानं आखूड, रुंद येऊ लागतात. सुरुवातीच्या अभ्यासकांनी या दोन वेगळ्या जाती मानल्या होत्या. रॉड्रिग्स बेटावरच्या काफे मारों या झाडाचं रोपही मोठ्या झाडाशी नातं सांगत नाही, तर हवाईतल्या सायनिया या वनस्पतींपैकी काहींच्या रोपांना असलेले काटे वाढत्या वयात नाहीसे होतात. बेटांवर हा प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो. म्हणून एकाच ठिकाणचं रोप, मधल्या वयाचं झाड आणि फुला-फळावर आलेलं झाड, अशा तिन्हींच्या शीट (कागदावर लावलेले वाळवलेले नमुने) घ्या. नुसत्या पानांच्या फांदीवर नवी जाती जाहीर करण्याची घाई झालेल्यांना माझी सहानुभूती नाही.

नर आणि मादी झाडं वेगळी असतील तर दोन्ही शोधा. हवाईत अशा जातींचं प्रमाण सुमारे 15 टक्के आहे, जगभरात ते सुमारे 6. फक्त नराची कलमं रोपवाटिकेत वाढवली तर झाडं होतील, बी कधीच होणार नाही.

स्वच्छ दिसणारे बूट

आइसलँडच्या दक्षिणेला 1963 मध्ये समुद्रातून सुर्त्सी हे बेट वर आलं. कोऱ्या जमिनीवर जीवसृष्टी कशी येते ते पाहता यावं म्हणून तिथे फक्त संशोधकांना प्रवेश आहे. तरीही टोमॅटोचं रोप उगवलं. वाऱ्याने नाही, पक्ष्याने नाही: कोणीतरी उघड्यावर शौचाला बसलं होतं. रोप उपटावं लागलं. ही करामत पर्यटकांची नव्हे, हे लक्षात ठेवा.

बिया वेलक्रोत, लोकरी मोज्यांत, लेसच्या भोकांत आणि ट्रायपॉडच्या पायांत बसतात. बोटीच्या आदल्या दिवशी टेबलावर, भरपूर उजेडात, चिमटा घेऊन बसा. आधी ब्रशने सगळा चिखल काढा, मगच तळव्यांवर 70 टक्के अल्कोहोल फवारा. चिखलाच्या थरातून ते आत पोचत नाही. हवाईत ओहिआची झाडं मारणारी सेराटोसिस्टिस बुरशी मातीतूनही पसरते, म्हणून तिथे एका जंगलातून दुसऱ्यात जाताना हे दर वेळी करतात. वेलक्रोचे कपडे मी सरळ घरीच ठेवायला सांगतो.

बाकीच्या, थोडक्यात

डीएनएसाठी पान घेताना ओलावा शोषणारं सिलिका जेल पानाच्या वजनाच्या निदान दहापट हवं. पान मोठं असेल तर फाडून तुकडे करा. जेलचा रंग बदलला की त्याच दिवशी जेल बदला.

किनाऱ्यावरच्या मांसल वनस्पती नमुने दाबून वाळवायच्या प्रेसमध्येही जिवंत राहतात आणि पानं गाळतात. काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून मग दाबा, पण डीएनएसाठी सिलिकात ठेवायचं पान त्याआधी काढून ठेवा. दमट हवेत ब्लॉटर (प्रेसमधले टिपकागद) रोज बदलायचे. "उद्या बघू" म्हणणाऱ्याला तिसऱ्या दिवशी बुरशी भेटते.

बी गोळा करताना त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी 20 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नका. पाचच झाडं उरली असतील तर अख्खं रोप उपटून शीट करणाऱ्याला वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणणं अवघड आहे. एक डहाळी आणि भरपूर फोटो पुरतात.

गोळा करण्याचा परवाना म्हणजे निर्यातीचा परवाना नव्हे. ऑर्किडसारख्या, साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या वनस्पतींना वेगळी कागदपत्रं लागतात, रोगमुक्ततेचा दाखला वेगळा, आणि नागोया करारात सामील देशात लाभवाटपाच्या (वनस्पतीतून झालेल्या फायद्यात त्या देशाला वाटा देण्याच्या) अटी आणखी वेगळ्या. तिकीट काढण्याआधी हे सगळं हातात हवं.

डुप्लिकेट, म्हणजे त्याच झाडाच्या जादा शीट, त्या बेटाच्या किंवा देशाच्या हर्बेरियमला आधी, तुमच्या संस्थेला नंतर.

आणि एका फेरीत झाड दिसलं नाही म्हणून "नामशेष" लिहू नका. हिबिस्काडेल्फस वुडी या हवाईतल्या झाडाला लोक गमावलेलं धरून चालले होते; 2019 मध्ये काउआई बेटावरच्या कालालाउ दरीच्या उभ्या कड्यावर ते ड्रोनला दिसलं. "अमुक तारखेला, इतके तास, या उतारावर शोधलं, सापडलं नाही, वरचा कडा पाहता आला नाही" असं लिहा. पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते त्यातून कळतं.