टॅबवर फेडर हलतो, सॉफ्टवेअरमध्ये हलत नाही : ओएससी जोडणी कुठे अडली ते कसं शोधायचं

टॅबवरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) सरकवला आणि रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधला किंवा डिजिटल मिक्सरवरचा फेडर जागचा हलला नाही, की बहुतेक जण आधी ॲप काढून पुन्हा टाकतात, मग राउटर रीसेट करतात, मग दोन्हीकडचे पोर्ट बदलून पाहतात. त्यातून जमलं तर कशामुळे जमलं ते कळत नाही, आणि नाही जमलं तर मूळ बिघाडात आणखी दोन बिघाडांची भर पडलेली असते. ओएससी म्हणजे ओपन साउंड कंट्रोल, टॅब आणि सॉफ्टवेअर किंवा मिक्सर यांनी नेटवर्कवरून एकमेकांना संदेश पाठवायची पद्धत. संदेश टॅबमधून निघतो, वायफायवरून राउटरकडे जातो, लॅपटॉपच्या फायरवॉलमधून (बाहेरचे संदेश अडवणाऱ्या व्यवस्थेतून) आत येतो, ठरलेल्या पोर्टवर (सॉफ्टवेअर ज्या क्रमांकावर ऐकतं तिथे) पोचतो आणि शेवटी सॉफ्टवेअर त्याचा अर्थ लावतं. तो यातल्या कोणत्या टप्प्यावर थांबला ते आधी शोधा. सेटिंगला हात त्यानंतर लावा, आणि एका वेळी एकाच सेटिंगला.

ओएससी बहुतेक ठिकाणी यूडीपीवर चालतं. यूडीपीमध्ये पाठवणाऱ्याला पोच मिळत नाही. चुकीच्या आयपीवर (उपकरणाच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर) हजार संदेश गेले तरी टॅबवर एकही एरर दिसणार नाही. म्हणून पाठवणाऱ्या ॲपच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका, संदेश घेणाऱ्या बाजूला काय पोचतंय ते बघा.

दोन्ही उपकरणं खरंच एकाच नेटवर्कवर आहेत का

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग चालवा. टॅबवर वायफायच्या माहितीत आयपी दिसतो. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे हवेत, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.१० आणि १९२.१६८.१०.३०. कुठे १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर त्या उपकरणाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल, वायफायचा पासवर्ड किंवा राउटरचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) तपासा. पोर्टकडे इतक्यात वळू नका.

लॅपटॉपला लॅन आणि वायफाय दोन्ही जोडलेले असतील तर त्याला दोन आयपी असतात. टॅबमध्ये नेमका राउटरच्या बाजूचा आयपी टाकायला हवा. व्हीपीएन सुरू असेल तर बंद करा. आयफोनच्या हॉटस्पॉटवर सहसा १७२.२०.१० चे पत्ते मिळतात आणि विंडोजच्या हॉटस्पॉटवर १९२.१६८.१३७ चे. म्हणजे हॉटस्पॉट बदलला की टॅबमधला जुना आयपी निकामी होतो.

सभागृहाच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर काम करू नका. पाहुण्यांच्या नेटवर्कवर राउटर बरेचदा एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलू देत नाही. दोघांनाही इंटरनेट मिळतं, आयपीही एकाच घरातले असतात, तरी ओएससी पोचत नाही. आणखी एक गोष्ट फोनवर होते. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. कार्यक्रमापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा.

फायरवॉल आणि परवानग्या

एखादं सॉफ्टवेअर पहिल्यांदा नेटवर्कवर ऐकायला लागतं तेव्हा विंडोज परवानगी विचारतं. घाईत तिथे कॅन्सल दाबलं तर त्या सॉफ्टवेअरला अडवणारा नियम तयार होतो आणि पुन्हा प्रश्न येत नाही. विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या इनबाउंड रूल्समध्ये लाल खुणेचे ते नियम सापडतील, ते काढून टाका. नेटवर्कचा प्रकार पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. खात्री करायची असेल तर दोन मिनिटं फायरवॉल बंद करून फेडर हलवून पाहा. संदेश आला तर दोषी सापडला. मग फायरवॉल परत चालू करून योग्य तो नियम घाला.

इथे पिंगबद्दल, म्हणजे समोरचं उपकरण उत्तर देतं का ते पाहणाऱ्या कमांडबद्दल, एक सावधगिरी. लॅपटॉपवरून मिक्सरला पिंग गेलं तर रस्ता ठीक आहे. पण विंडोज लॅपटॉपनं पिंगला उत्तर दिलं नाही म्हणून रस्ता तुटलेला ठरत नाही, कारण फायरवॉल पिंग अडवतो.

आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला लोकल नेटवर्कची वेगळी परवानगी लागते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात लोकल नेटवर्क, तिथे आपल्या ॲपसमोरचं बटण हिरवं हवं. मॅकवर सिकोया आवृत्तीपासून हीच परवानगी आली आहे.

पोर्ट

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. टॅब ज्या पोर्टवर पाठवतो, तोच सॉफ्टवेअरचा ऐकण्याचा पोर्ट असला पाहिजे आणि उलट दिशेलाही तसंच. रीपरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या कंट्रोल/ओएससी/वेब या पानावर ओएससी जोडा. लोकल लिसन पोर्ट ८०००, डिव्हाइस पोर्ट ९०००, डिव्हाइस आयपी टॅबचा. टॅबवरच्या टच ओएससी या ॲपमध्ये होस्ट म्हणून लॅपटॉपचा आयपी, सेंड पोर्ट ८०००, रिसीव्ह पोर्ट ९०००. रीपरच्या त्याच खिडकीत लिसन नावाचं बटण आहे. ते दाबून टॅबवर फेडर हलवा. ओळी धावायला लागल्या तर नेटवर्क, फायरवॉल आणि पोर्ट तिन्ही ठीक आहेत आणि बिघाड पुढच्या टप्प्यात आहे. एक ओळही आली नाही तर बिघाड मागे आहे. निम्मा शोध या एका बटणावर संपतो.

एक पोर्ट एकाच सॉफ्टवेअरनं वापरावा. दोन सॉफ्टवेअर ८००० वर बसली तर कधी दुसरं उघडताना एरर येते, तर कधी दोन्ही उघडतात पण संदेश एकालाच मिळतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट -एएनओ चालवून यूडीपीच्या ओळींत ८००० शोधा. शेवटचा आकडा प्रोसेसचा असतो, तो टास्क मॅनेजरमध्ये जुळवला की सॉफ्टवेअरचं नाव कळतं.

बेहरिंगर कंपनीच्या डिजिटल मिक्सरपैकी एक्स३२ ला पोर्ट १००२३ आणि एक्सआर१८ ला १००२४ लागतो. हे मिक्सर ज्या पोर्टवरून संदेश आला त्याच पोर्टवर उत्तर देतात.

संदेश पोचतो, पण काहीच होत नाही

ओएससीचा पत्ता, म्हणजे कोणता फेडर किंवा बटण ते सांगणारा संदेशातला मजकूर, अक्षर न् अक्षर जुळावा लागतो, कॅपिटल आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात. एक्स३२ च्या पहिल्या चॅनेलचा फेडर म्हणजे /सीएच/०१/मिक्स/फेडर, सगळं लहान इंग्रजी अक्षरांत आणि आकडा दोन अंकी. नुसता १ लिहिला तर मिक्सर दुर्लक्ष करतो. किंमत ० ते १ मधली दशांश संख्या हवी आणि ०.७५ म्हणजे ० डीबी. मिडी या वाद्यं जोडायच्या पद्धतीच्या सवयीनं ० ते १२७ पाठवलं तर फेडर वरच्या टोकाला जाऊन बसेल. चालू साउंडवर हे धोक्याचं आहे, म्हणून चाचणी नेहमी ॲम्प बंद ठेवून करा.

रीपरमध्ये पहिले आठ ट्रॅक चालतात आणि नववा चालत नाही, ही तक्रार नेहमीची. रीपरच्या डीफॉल्ट पॅटर्न फाइलमध्ये, म्हणजे कोणत्या ओएससी पत्त्यानं काय करायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, डिव्हाइस ट्रॅक काउंट ८ लिहिलेला असतो. फाइलची प्रत करून तो आकडा वाढवा आणि प्रेफरन्सेसमध्ये ती प्रत निवडा.

मिक्सरवर फेडर हलवला की टॅबवर दहा सेकंदच दिसतो आणि मग थांबतो, हा एक्स३२ चा बिघाड नाही. बदल कळवत राहा, ही /एक्सरिमोट विनंती १० सेकंदांनी संपते. स्वतः लेआउट बनवत असाल तर ती दर आठ-नऊ सेकंदांनी पुन्हा पाठवत राहा.

टॅबवरून सॉफ्टवेअर चालतं पण उलट दिशेनं टॅबवर काही दिसत नाही, तेव्हा बहुतेकदा सॉफ्टवेअरमधला टॅबचा आयपी जुना झालेला असतो. लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, नवे पत्ते वाटले गेले, की हे होतं. राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाचा पत्ता राखून ठेवा: लॅपटॉप .१०, मिक्सर .२०, टॅब .३०, बाकीच्यांना .१०० पासून पुढे. आयपॅड आणि अँड्रॉइड वायफायसाठी बनावट मॅक पत्ता (राउटर उपकरण ज्यावरून ओळखतो तो क्रमांक) वापरतात. त्या नेटवर्कपुरतं प्रायव्हेट ॲड्रेस किंवा रँडमाइज्ड मॅक बंद केलं नाही तर राखलेला पत्ता लागू होईलच असं नाही.

नेटवर्क मिडीला, म्हणजे आरटीपी मिडीला, लागून असलेले दोन यूडीपी पोर्ट लागतात, सहसा ५००४ आणि ५००५. फायरवॉलमध्ये एकच उघडला तर सत्र जुळत नाही. समोरचं उपकरण यादीत दिसत नसेल तर बोंजूरचे (उपकरणं आपोआप शोधणाऱ्या सेवेचे) संदेश अडत आहेत. आयपी आणि ५००४ हाताने टाका.

दुपारी ठीक, रात्री बंद

नागपुरात वर्धा रोडवरच्या एखाद्या लॉनवर रिकाम्या जागेत साउंडचेक छान होतो आणि पाहुणे भरले की फेडर अडखळतो. गणपतीच्या मंडपात आणि दीक्षाभूमीच्या परिसरातल्या गर्दीत तर हे हमखास. शेकडो फोन २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतात आणि माणसांची शरीरं सिग्नल शोषतात. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधला चॅनेल हाताने निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. जुना टॅब २.४ वरच चालत असेल तर १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो घ्या. राउटर स्टँडवर, माणसांच्या डोक्यांच्या वर बांधा. एक्सआर१८ च्या अंगच्या वायफायवर कार्यक्रम करू नका. ते २.४ वरच चालतं आणि गर्दीत टिकत नाही. सीताबर्डीच्या बाजारात मिळणारा साधा ड्युअल-बँड राउटर त्याहून कितीतरी भरवशाचा.

लॅपटॉप आणि मिक्सर राउटरला कॅट ६ केबलनेच जोडा, एक तुकडा १०० मीटरच्या आत. वायफायवर फक्त टॅब राहू द्या. राउटरला मिनी यूपीएस द्या, पण ॲडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२ ते पाहून. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला असतो. उन्हात ठेवला तर तापमानाची सूचना दाखवून तो बंद पडतो. सावलीत, केस काढून ठेवा.

म्यूट आणि प्लेसाठी टॉगल बटण ठेवू नका. यूडीपीचा एखादा संदेश वाटेत हरवला की टॉगल उलटा पडतो, म्हणजे टॅबवर म्यूट दिसतं आणि माइक चालू असतो. चालूसाठी १ आणि बंदसाठी ० असे स्पष्ट आकडे पाठवा. माइकचं मुख्य म्यूट तर मिक्सरच्या खऱ्या बटणावरच राहू द्या.