नवस, वजन, सनद

हे तीन शब्द एकाखाली एक लिहा, एका घरात एक अक्षर. आडवे वाचा, मग उभे वाचा. दोन्हीकडून तेच तीन शब्द येतात. हा चौरस जुळला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते आणि दाखवायला घरात कोणी जागे नव्हते. आपणहून कोडी रचायला बसणार असाल, तर अशा रात्रींची तयारी ठेवा.

माझे पोटापाण्याचे काम मुद्रितशोधनाचे. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासायच्या आणि संध्याकाळी भाचरांना छळायला कोडी रचायची. त्यामुळे माझी पहिली सूचना वेलांटीचीच आहे. शब्दकोड्याच्या एका घरात पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रेसकट. जोडाक्षरालाही एकच घर. 'विद्यार्थी' हा शब्द तीन घरांत मावतो. संगणकाला विचाराल तर तो दहा सांगेल, कारण व, वेलांटी, द, पायमोडीचे चिन्ह असे सगळे तो सुटे मोजतो. म्हणून इंग्रजीसाठी केलेल्या, शब्द आपोआप जुळवून देणाऱ्या साधनांच्या नादी लागू नका. ती मराठी शब्दाची हाडे वेगळी करून ठेवतात. चौकटीची वही, पेन्सिल आणि चांगला खोडरबर पुरतो.

आर्थर विनने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिले शब्दकोडे छापले, तेव्हा त्याच्या हाताशी सव्वीस अक्षरे होती. आपल्याकडे 'का'ला 'का'च भेटावा लागतो. 'की' किंवा 'कं' आला की गाडी अडली. त्यामुळे इंग्रजीसारखी गच्च भरलेली जाळी मराठीत करायला जाल तर शब्दकोशाच्या अडगळीतले शब्द ओढून आणावे लागतील. काळी घरे सढळ हाताने टाका. जिथे दोन शब्द एकमेकांना छेदतात, तिथे बिनमात्रेचे अक्षर येईल असे पाहा: र, ल, क, म, न, स, त. काना-वेलांट्यांचे शब्द कडेला, जिथे त्यांना कोणी छेदत नाही तिथे. आणि ळ, ण यांच्यापासून सांभाळून. या अक्षरांनी मराठी शब्द सुरू होत नाही. पहिल्या ओळीत 'कमळ' टाकलात आणि ळ-खाली उभा शब्द काढायचा ठरवलात, तर पहाटेपर्यंत बसा. मी बसले आहे.

जाळी झाली की संकेत. मला खरी मजा इथे येते. शब्दकोशातला अर्थ उतरवून काढणे म्हणजे संकेत नव्हे. 'वजन'साठी 'भार' लिहिले तर सोडवणारा जांभई देतो. 'डॉक्टर घटवायला सांगतात, पुढारी वापरतात' असे लिहिले की तो क्षणभर थांबतो. दोन अर्थांचे शब्द हेरून ठेवा: कर, मान, पान, तार, काळ, वार. 'आठवड्यात सात, पण एकच वर्मी लागला तरी पुरे' याचे उत्तर 'वार'. फसवा, पण खोटे बोलू नका. उत्तर कळल्यावर संकेतातला प्रत्येक शब्द आपापल्या जागी बरोबर होता असे वाटले पाहिजे. लिंग-वचन जुळवा. उत्तर अनेकवचनी असेल तर संकेतही तसाच हवा. यात हयगय केली की लोक उगाच चिडतात.

जाळी नको असेल तर अक्षरांची अदलाबदल करा. दगड विस्कटला की गडद होतो, मगर गरम होते, जहर हजर होते, सकळांचा कळस होतो. नियम एकच: अक्षर हलवायचे ते मात्रेसकट, मात्रा सुटी करायची नाही. उलटसुलट सारखे वाचता येणारे शब्दही याच घरातले: जहाज, समास, नवीन, नवजीवन. 'चिमा काय कामाची' हे सगळ्यांना पाठ असलेले वाक्य मात्र माझ्या टेबलावर नापास होते. पहिली चि ऱ्हस्व, शेवटची ची दीर्घ! 'रामाला भाला मारा' खणखणीत पास.

शब्दशिडीही सोपी. लुईस कॅरलने १८७७च्या नाताळात, करायला काही नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी हा खेळ काढला. एका वेळी एकच अक्षर बदलायचे आणि प्रत्येक पायरीवर अर्थ असलेला शब्द हवा. सागर, सादर, चादर, चाकर. द्यायचे फक्त सागर आणि चाकर.

प्रश्नमंजुषेचे दुखणे वेगळे. तिथे शब्द जुळतात, वस्तुस्थिती घसरते. मी एकदा मोठ्या ऐटीत विचारले, 'कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो?' उत्तर धरले होते शुक्र: स्वतःभोवती एका फेरीला सुमारे २४३ दिवस, सूर्याभोवती सुमारे २२५. भाची म्हणाली, "मावशी, दिवस म्हणजे फेरी की एका सूर्योदयापासून दुसरा सूर्योदय? तो तर तिथे ११७ दिवसांतच होतो." बरोबर होते तिचे. मला गुण रद्द करावे लागले आणि चहाही मीच केला. 'स्वतःभोवती एक फेरी' एवढे तीन शब्द घातले असते तर भागले असते.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्न मी भांडखोर माणसासारखा वाचते. 'सर्वांत उंच पर्वत' विचारलात तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट. समुद्राखालच्या पायथ्यापासून मोजले तर दहा हजार मीटरांहून उंच मौना केआ. पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत लांबचे शिखर चिंबोराझो. तिघेही बरोबर आणि तुमची संध्याकाळ वाया. शिवाय उत्तरे शिळी होतात. २००६मध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला, २०२०मध्ये एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर झाले. 'आजपर्यंत', 'सध्या' असे शब्द आले की प्रश्नाखाली तारीख टाका, नाहीतर प्रश्नच टाकून द्या.

सगळ्यात चांगला प्रश्न तो, ज्याचे उत्तर पाठ नसले तरी डोके लावून काढता येते. बुद्धिबळात पांढऱ्याला पहिल्या खेळीचे किती पर्याय असतात? आठ प्यादी, प्रत्येकाला दोन चाली, त्या सोळा. दोन घोड्यांच्या चार. वीस. ज्याला फक्त सोंगट्या कशा चालतात तेवढेच ठाऊक, तोही बोटे मोजू लागतो, आणि खोलीत एकदम कुजबुज सुरू होते. कुठल्या वर्षी कोण जिंकले हे विचारले की माहीत असलेला बोलतो, बाकीचे छताकडे बघतात. असे प्रश्न दहांत दोन पुरेत.

पर्याय देणार असाल तर चारही सारख्या लांबीचे ठेवा. बरोबर उत्तर नेमके लिहिण्याच्या नादात तेच सर्वांत लांबते, आणि चलाख पोर प्रश्न न वाचताच त्यावर खूण करते.

शेवटी एक गिऱ्हाईक पकडा. त्याच्यासमोर कोडे ठेवा आणि तोंड मिटून बसा. हे फार अवघड जाते, 'अरे सोपं आहे' ओठांवर येते. बोलू नका. तो कुठे पेन्सिल टेकवून थांबतो, कुठे लिहून खोडतो, एवढेच टिपा. विचार करून थांबला तर संकेत चांगला. दोनदा वाचून "म्हणजे काय?" म्हणाला, तर तो संकेत त्याच रात्री बदला.